गळती बघत बसलेली दोघं

"बॉस, हिरवं नको, निळं द्या. आत दिवा लागला की छान दिसेल."

आबोसी ओकायच्या बाजारात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्यायला उभी होते. शेजारी हा उंच मुलगा. काखेत मोटरसायकलचा रेडिएटर, हातात निळ्या कूलंटचा डबा… आणि डबा असा उजेडात धरून बघत होता, जणू बायकोसाठी कापड निवडतोय.

"कुठली गाडी?" दुकानदाराने विचारलं.

"गाडी नाही हो, कॉम्प्युटर आहे."

दुकानदार हसला. मी मात्र कान टवकारले. कारण माझा धंदाच तो – पाण्याने थंड राहणारे कॉम्प्युटर बांधायचे, धुवायचे, दुरुस्त करायचे. अख्ख्या आक्रात असे कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांची वाट लावणारे मात्र गल्लोगल्ली. मला तोंड आवरलं नाही.

"ते गाडीत घालतात," मी म्हटलं.

त्याने वळून बघितलं. "पाणी ते पाणीच ना?"

"आणि काखेतला तो रेडिएटर ॲल्युमिनियमचा आहे. प्रोसेसरवर बसवलेला ठोकळा तांब्याचा असणार तुमचा."

"असेल. मग?"

"मग काय! तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात ठेवलं की तांबं ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं. आत नुसता पांढरा चिखल होतो."

"म्हणजे दोन घराण्यांचं पटत नाही म्हणा ना."

"पाण्यात नाही पटत."

"आणि कोरड्यात?"

असा हा माणूस! ओळख ना पाळख, आणि भर बाजारात मला विचारतोय कोरड्यात पटतं का म्हणून. मी माझी बाटली उचलली आणि निघाले. तो मागे धावत आला. डबा दुकानातच टाकून आला होता.

"अहो, ऐका तर… रागावू नका. हा दुसरा रेडिएटर आहे. पहिला गळाला. घरी येऊन एकदा बघाल का? मी ओपारे. अडेंटाला राहतो. लहान मुलांसाठी कार्टून बनवतो. चित्रं तयार व्हायला लागली की कॉम्प्युटर इतका तापतो, की आई म्हणते त्यावर केळी तळून घेऊ का."

मी हसले. तिथेच फसले बघा.

हरमटानचे दिवस होते. वाळवंटाकडून तो कोरडा वारा सुटला की आक्राचं आभाळ पिठासारखं होतं, ओठ फुटतात, आणि रेडिएटरच्या पट्ट्यांमध्ये धूळ अशी बसते की टोकरून काढावी लागते. ओपारेच्या खोलीत गेले तेव्हा खिडकी सताड उघडी. कॉम्प्युटर उघडला, ठोकळ्याचे स्क्रू काढले, आणि आत जे दिसलं ते बघून मी नाकच धरलं. तांब्यावरच्या बारीक बारीक खाचा पांढऱ्या चिखलाने लिंपल्या होत्या.

"हे तुम्ही केलंत?"

"एकट्याने," तो छाती काढून म्हणाला. मग माझा चेहरा बघून हळूच, "…वाईट आहे का फार?"

मी टूथब्रश मागितला. त्याने स्वतःचाच आणून दिला. वर म्हणाला, "आजपासून नवीन घेईन."

सगळं धुतलं, तांब्याचा रेडिएटर लावला, नव्या नळ्या, नवं पाणी. मग गळती तपासायची वेळ आली. त्याची एक रीत असते. बाकी सगळ्याची वीज काढून ठेवायची, फक्त पंप चालवायचा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायचा. आणि मग बसायचं. कुठला कागद ओला होतोय, एवढंच बघत. सकाळी बसलेलं माणूस दुपार कलली तरी तिथेच. दोघांना बसावं लागतं असं काही नाही, एकटीलाही जमतं. पण हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

"हवा अडकलीय आत," मी म्हटलं. "उचला त्या बाजूने. वाकवायचं, हळू… हळू!"

आम्ही दोघांनी कॉम्प्युटरचा डबा इकडे कलवला, तिकडे कलवला. नळीतून बुडबुडे पळत टाकीत आले. त्याचा हात माझ्या हातावर होता. बुडबुडे संपले तरी होता.

"हात सोडा. झालं."

"अजून एक दिसतोय."

"कुठे?"

"येईल… थांबा ना जरा."

पुन्हा बसलो. माझी बोटं हरमटानने आणि पाण्याने भेगाळली होती. त्याने ते बघितलं, आत गेला आणि शियाच्या लोण्याचा डबा घेऊन आला. माझ्यापुढे डबा धरला. मी बोट घालायच्या आत त्यानेच थोडं काढून माझ्या बोटांवर लावलं… एकेका भेगेवर, सावकाश. मी कागदांकडेच बघत होते हो! पण एक कागद ओला झाला असता तरी त्या वेळी मला दिसला नसता.

दारात त्याची आई येऊन उभी राहिली. आंटी सेरवा. ठेंगणी, ताठ, नजरेत धार.

"नाव काय पोरी तुझं?"

"एसिनाम."

"म्हणजे नदीपलीकडची," ती म्हणाली. व्होल्टा नदीच्या पलीकडचे, एवे लोक. माझे बाबा तिकडचे, नावही त्यांनीच ठेवलेलं. मी मान हलवली. आंटीने लोण्याचा डबा उचलला, झाकण लावलं आणि आत घेऊन गेली.

ओपारे कानात म्हणाला, "पटत नाही म्हणालीस ना तू. दोन घराणी."

त्या दिवसापासून "अहो-जाहो" कुठे गेलं, दोघांनाही कळलं नाही.

मग मी जातच राहिले. कधी रेडिएटरची धूळ काढायला, कधी पाणी बदलायला, कधी नुसतंच. तळलेल्या केळ्यांचं केलेवेले खायचं, मसाल्याने जीभ पोळली की एकमेकांना हसायचं. त्याच्या कार्टूनमधल्या कासवाला आवाज मीच दिला. तो म्हणायचा, "अगदी तुझ्यासारखं आहे. हळू चालतं आणि सगळ्यांना शिकवतं." मी टूथब्रश फेकून मारायची. तोंडाने मात्र कुणीच काही बोललं नाही. ते तीन शब्द म्हणतात ना… ते. काय गरज होती? कळत होतं की.

एके दिवशी पाणी ओतता ओतता तो म्हणाला, "आईशी बोललो."

"आणि?"

"म्हणाली, अख्ख्या आक्रात आपल्यातली एक मुलगी मिळाली नाही का तुला? मग मी जेवणं सोडलं."

"तू? जेवणं?"

"घरातलं सोडलं. बाहेर चवळीभाताची वाची खात होतो." मग हसायचा थांबला. "पण ती मानली, एसिनाम. खूप रडली आणि मानली. काल म्हणाली, पोरगी कष्टाळू आहे, हात बघितलेत मी तिचे. आम्ही येतोय दार वाजवायला."

दार वाजवणं म्हणजे मागणी. मुलाकडचे जिनच्या दोन बाटल्या घेऊन येतात, उंबऱ्याबाहेर थांबतात, विचारल्याशिवाय आत येत नाहीत. मी घरी येऊन आईला सांगितलं आणि आईने मला मिठीच मारली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांचे भाऊ दूर तोगोत. मुलीच्या बाजूने बसायला मोठं माणूस हवं. आई म्हणाली, "माझ्या भावाला बोलावते." तसे अंत्वी मामा डुंक्वाहून आले. आयुष्यात दुसऱ्यांदा आमच्या घरी आले होते.

शनिवारी सकाळी दार वाजलं. मी आतल्या खोलीत पडद्यामागे, नवीन कापड नेसून. बाहेर ओपारेचे काका गोड आवाजात म्हणत होते, "तुमच्या बागेत एक फूल बघितलंय आमच्या मुलाने…" सगळे हसत होते. मामांनी खाकरून सुरुवात केली, "बसा, बसा. आधी आम्ही कोण ते सांगतो. आमच्या भाचीचे वडील एवे होते, देव त्यांचं भलं करो. पण ही माझ्या बहिणीची लेक. आम्ही देंचिरा मुलखातले. अगोना कुळाचे. देवक आमचं पोपट."

आंटी सेरवा एकदम उठली.

"अगोना? अहो, काय सांगता! मीसुद्धा अगोनाच! माझी आई, तिची आई… आमचंही देवक पोपटच!" आणि तिने माझ्या आईला कवटाळलं. दोघी बहिणी भेटल्यासारख्या हसायला लागल्या. "आणि मी वेडी त्या पोरीला परकी म्हणत होते! अगं बाहेर ये गं, एसिनाम! तू तर माझीच लेक निघालीस!"

मी पडदा सारून बाहेर आले. आंटीचे हात पुढे होते, डोळ्यांत पाणी होतं. आणि त्याच वेळी मला मामांचा चेहरा दिसला. त्यांनी हातातली बाटली हळूच खाली ठेवली.

आमच्यात, म्हणजे माझ्या आईच्या आणि ओपारेच्या लोकांत, कूळ आईकडून येतं. ओपारेचं कूळ त्याच्या आईचं. माझं माझ्या आईचं. सगळ्यांनी माझं नाव ऐकलं, बाप एवे एवढंच लक्षात ठेवलं, आणि आईचं कूळ विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा. आणि एका कुळाची, एका देवकाची मुलं म्हणजे भाऊ-बहीण. गावं कितीही लांब असोत.

आंटीचं हसू तोंडावरच थिजलं.

"मामा," ओपारे उठून उभा राहिला, "तुमचं गाव कुठे, आमचं कुठे. सात पिढ्यांत कुणी कुणाचं तोंड बघितलेलं नाही."

"गावं वेगळी असतात रे पोरा," मामा म्हणाले. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. "आई एकच." आणि त्यांनी दोन्ही बाटल्या काकांच्या बाजूला सरकवल्या. "या परत न्या. तुम्ही आलात, बरं वाटलं. पाहुणे म्हणून जेवून जा."

जेवलं कुणीच नाही.

संध्याकाळी ओपारेचा फोन. "रजिस्ट्रारकडे जाऊ. तो कूळ विचारत नाही."

"विचारत नाही खरा."

"मग? सोमवारी?"

"सोमवारी," मी म्हटलं. खरंच म्हटलं. देवाशप्पथ, मला जायचंच होतं.

आई स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"जा तू," ती मान वर न करता म्हणाली. "मी अडवणार नाही. तुझ्या बाबांसाठी मीही गेले होते. बारा वर्षं माझ्या माणसांनी मला टाकलं. माझ्या आईच्या मयतीला मला मागे बसवलं, परक्या बायकांत. स्वतःच्या आईच्या! आता कुठे भाऊ दारात यायला लागलाय." सुरी थांबली. "फक्त एवढं सांग… मी मेले की मला कोण नेईल?"

"मी नेईन ना, आई."

"एकट्याने मयत होत नाही गं. आपली माणसं लागतात. लाल-काळी कापडं नेसून रडणारी, पोपटाच्या नावाने हाक मारणारी. ती एकदा गेली होती माझ्यापासून, एसिनाम. पुन्हा गेली तर परत येणार नाहीत."

मग ती पुन्हा भेंडी चिरायला लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हात चालूच. त्या बाईने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

सोमवारी मी गेले नाही. ओपारेने भेटायला बोलावलं तेव्हा तोंडावरच सांगितलं, "नाही जमणार मला."

"घाबरलीस."

"हो. घाबरले."

भांडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "मग पाणी बदलायला तरी येशील ना?"

आणि मी मूर्ख, हो म्हणाले.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. आंटी सेरवाला आता मी पोटची लेक झाले होते. तिला मुलगी नव्हती. दर रविवारी फोन. "जेवलीस का? तुझा दादा काही खातच नाही बघ. तू सांग त्याला, बहिणीचं ऐकेल." ती मुद्दाम करायची नाही हो… तिला वाटायचं, तुटलेलं असंच जोडता येतं. माझ्यासाठी यामचे कंद पाठवायची, मिरच्यांचं लोणचं पाठवायची. मी ते खायची आणि रडायची.

पुन्हा हरमटान आला, पुन्हा धूळ. ओपारेचा फोन आला, "यंत्र तापतंय." पाणी बदलून फार दिवस झाले नव्हते. मी गेले. आता खोलीचं दार उघडं ठेवलेलं, आणि दारात आंटी खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेली.

मी पाणी सोडलं, ठोकळा उघडला. आत हिरवं शेवाळ. जाड, बुळबुळीत, खाचांत गच्च भरलेलं. मी घातलेल्या पाण्यात, त्यातल्या औषधाच्या थेंबांत, असं शेवाळ एवढ्यात धरूच शकत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"माझं पाणी काढून टाकलंस?"

"हं."

"आणि प्यायच्या पाण्याच्या पिशवीतलं घातलंस."

"हं."

"का रे?"

"तू एरवी पावसाळ्यात आली असतीस," तो हळूच म्हणाला. "इतके दिवस… मला नाही निघत, एसिनाम."

"काय झालं गं?" दारातून आंटीने विचारलं.

"काही नाही. पाणी खराब झालंय."

मी टूथब्रश घेतला आणि घासायला लागले. तो जवळ सरकला, आईकडे पाठ करून. "एवढं तरी राहू दे. बहीण म्हणून ये. काहीही म्हणून ये. पण येत जा."

त्या दिवशी नवं पाणी भरलं, कागद ठेवले, गळती बघत बसलो. मध्ये आंटी, तिच्या मांडीवर शेंगांचं टोपलं. आणि मला दिसलं, की हे असंच चालणार. तो पाणी नासवत राहणार, मी धूत राहणार. दोन भेटींच्या मधले दिवस दोघंही नुसते ढकलणार. त्याचं घर उभं राहणार नाही, माझंही नाही. असंच म्हातारं होणार, ओल्या कागदाची वाट बघत. आणि कुठल्यातरी दुपारी शेवाळाने पंप अडकेल, सगळं तापून विझेल, त्याची सगळी चित्रं, सगळं काम जाईल. माझ्यापायी.

पुढच्या आठवड्यात मी न बोलावता गेले. पिशवीतून खोकं काढलं.

"हे काय?"

"पंखा. प्रोसेसरवर बसवायचा."

"आणि पाणी?"

"आता पाणी नाही."

त्याने पटकन नळी धरली. "काढू नकोस."

"सोड, ओपारे."

"एसिनाम, पाया पडतो. मी पुन्हा नाही नासवणार."

"नासवशील रे. आणि मी पुन्हा येईन. मला चांगलं माहितेय ना… मी कशी आहे ते." मी नळी माझ्याकडे ओढली. "म्हणून तर काढतेय. सोड."

बऱ्याच वेळाने त्याची बोटं सुटली. मी खालची तोटी उघडली. शेवटच्या थेंबापर्यंत पाणी बादलीत पडू दिलं. रेडिएटर काढला, पंप काढला, ठोकळा पुसला. त्याच्या जागी पंखा बसवला, चार स्क्रू आवळले. फार वेळ लागलाच नाही. इतके दिवस ज्याच्या आधारावर भेटत होतो, ते एका पिशवीत मावलं.

कॉम्प्युटर सुरू केला. पंखा फिरायला लागला. जरा तापत होता, पण चालण्यासारखा.

"साफ कधी करायचा?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं.

"धूळ बसली की ब्रश फिरव. तुझं तुलाच जमेल."

आंटी पोळलेलं मक्याचं कणीस घेऊन आली, माझ्या हातात कोंबलं. "पुन्हा कधी येशील गं?" मी काहीतरी पुटपुटले. काय ते आता आठवत नाही.

तो पिशवी घेऊन रस्त्यापर्यंत आला. धुळीत सगळं पिवळट दिसत होतं, माणसं, दुकानं, झाडं. भाड्याची व्हॅन, आमची ट्रोट्रो, वळणावर दिसली.

"एक सांगू?" तो म्हणाला. "कधी म्हटलंच नाही मी. माझं प्रेम आहे गं तुझ्यावर."

"माहितेय," मी म्हटलं. "माझंही आहे. खूप आहे."

गाडी येऊन थांबली. तिचा मेट, म्हणजे कंडक्टर, दारातून लोंबकळत ओरडत होता, "सर्कल, सर्कल, सर्कल!" मी पिशवी घेतली, आत चढले, खिडकीपाशी बसले. तो खिडकीची काच धरून उभा. सुटेनाच.

आणि जे मी इतके महिने कुणासमोर उच्चारलं नव्हतं, ते उच्चारलं. दुसरं काही त्याला घरी परत पाठवू शकलं नसतं.

"जा आता, दादा," मी म्हटलं. "आई वाट बघतेय."

त्याचा हात काचेवरून सुटला. गाडी निघाली.